न पडलेली भिंत

फोटोतली भिंत इतकी सरळ होती की मोजणीबाईंना आधी वाटलं, हा आपला सापळा नव्हेच. अभियंत्याने हौसेने आठ फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, 'सहा खिंडारं बुजवून झाली. सातवं आज संध्याकाळपर्यंत. परवा उद्घाटनाला भिंत अखंड!' वर एक हसरा चेहराही चिकटवला होता. मोजणीबाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला तो थेट नकाशावर. गेली बारा वर्षं त्यांनी नकाशांच्या त्या खोलीत कुणाला पाण्याची बाटलीसुद्धा आणू दिली नव्हती.

"खिंडारं!" त्या रिकाम्या खोलीवर ओरडल्या. "खिंडारं म्हणतो मेला!"

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. पुरातत्त्व खात्यात सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत, कारण दिसेल ते मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बाईंच्या हातात टेप असला की खुद्द मोठे साहेबसुद्धा ताठ उभे राहतात, न जाणो आपलीही उंची कमी भरायची, असा खात्यात विनोद होता. पण तो सापळा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. वर डोंगराच्या सोंडेवर, झाडं संपून नुसता खडक उरतो तिथे, दोन लांबच लांब दगडी भिंती उतारावरून खाली येतात. वरच्या टोकाला त्या एकमेकींपासून मैलभर दूर आहेत आणि घोट्याइतक्याच उंच. रानमेंढी सहज उडी मारून पलीकडे जाईल, पण जात नाही. पाठीमागे माणसं आरडाओरडा करत असली की बुजलेलं जनावर रेघ दिसेल त्या रेघेने पळतं. भिंती जवळजवळ येत जातात, उंच होत जातात, आणि शेवटी कळप एका गोल कोंडवाड्यात शिरतो. कोंडवाड्याची भिंत माणसाच्या छातीइतकी. हे सगळं कोणी रचलं आणि किती हजार वर्षांपूर्वी, ते कोणालाच धड ठाऊक नाही.

आणि आता खरी मेख. त्या छातीभर भिंतीला सात ठिकाणी उंचीच नाही, जेमतेम गुडघ्याइतकी आहे. कोंडलेल्या जनावराला वाटतं, सुटलो. ते तिथून उडी मारतं, आणि पलीकडे दोन पुरुष खोल दगडी खड्डा असतो. भिंत ठेंगणी असली तरी तिच्याआडचा खड्डा उडी मारेपर्यंत दिसत नाही. सापळा म्हणतात तो या सात जागांमध्येच आहे, बाकी सगळा नुसता तिथवर आणणारा रस्ता. त्या सात जागा भरल्या की उरतं काय, तर बकऱ्यांचं कुंपण. आणि या दीडशहाण्यांनी त्यातल्या सहा भरून टाकल्या होत्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओला कप तसाच नकाशावर ठेवून त्या जिना चढल्या.

मोठे साहेब नुकतेच आले होते आणि रुमालाने चष्मा पुसत होते. साहेब वाईट माणूस नव्हते, पण वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. यांच्याशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

"काम थांबवा," बाई दारातूनच म्हणाल्या. "आत्ता फोन करा आणि थांबवा."

"बसा तर खरं."

"मी बसायला आले नाही. ती खिंडारं नव्हेत, साहेब. भिंत तिथे कधी पडलेलीच नाही. ती मुद्दाम ठेंगणी बांधलीय. चार वर्षांपूर्वी मी सातवा खड्डा साफ केला, तळाला मेंढ्यांची मोडलेली हाडं मिळाली, सगळं लिहून दिलं. तुमच्या टेबलावर दिलं!"

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, कपाटातून एक जाड फाइल काढली आणि त्यातला नकाशा उलगडून बाईंपुढे सरकवला. बाईंना तो उलगडायच्या आधीच ओळखू आला. बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढलेला त्यांचा नकाशा. त्याच नकाशावर त्यांनी प्रबंध लिहिला होता, पदक मिळवलं होतं, त्याचीच मोठी प्रत चौकटीत घालून खाली दर्शनी भिंतीवर लावली होती. कोंडवाड्याच्या गोलात सात ठिकाणी तुटक रेषा होती. आणि कोपऱ्यात, शाळकरी वळणाच्या अक्षरात, 'तुटक रेषा : पडलेला भाग'. त्याखाली सही.

"दुरुस्ती तुमच्याच नकाशावरून चाललीय," साहेब शांतपणे म्हणाले. "पडलेला भाग उभा करायचा, एवढंच ठेक्यात लिहिलंय."

"आणि चार वर्षांपूर्वीचा दुसरा नकाशा?"

"आहे ना, हा बघा." फाइलच्या अगदी तळातून तोही निघाला. "यावर तुम्ही काय लिहिलंय, ते वाचा. 'पुरवणी.' पहिला नकाशा चुकीचा आहे असं यात एका ओळीनेही म्हटलेलं नाही. मंजूर नकाशा पहिलाच राहिला. पुरवण्या कोण वाचतं हो?"

बाईंनी आपलंच अक्षर पुन्हा वाचलं. साहेब अक्षरशः खरं बोलत होते. चार वर्षांपूर्वी त्या कागदावर काय लिहायचं याचा विचार त्यांनी आठवडाभर केला होता. 'माझा आधीचा नकाशा चुकीचा आहे' असं एकदा लिहून पाहिलं होतं आणि खोडलं होतं. पदक, ती चौकट, व्याख्यानांना मिळालेली आमंत्रणं. शेवटी 'पुरवणी' असं गोंडस काहीतरी लिहून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

"आता तरी थांबवा," त्या म्हणाल्या. आवाज मघापेक्षा उतरला होता आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"मंजूर नकाशा चुकलाय असं तुम्ही लेखी दिलंत तर थांबवावंच लागेल. पण मग तुमचा प्रबंध, पदक, सगळ्याचीच चौकशी लागेल. जरा विचार करा. लोकांना अखंड भिंत आवडते, बाई. पडकी बघायला कोण एवढा डोंगर चढेल?"

"ती पडकी नाहीये!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की बाहेरचा कारकून आत डोकावला. त्याच्यावरही त्या डाफरल्या आणि तरातरा खाली उतरल्या.

डोंगर चढायचे बूट आणायला त्यांना घरी जावं लागलं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची थोरली बहीण राहत. बहीण मुख्याध्यापिका म्हणून मुदतीआधीच निवृत्त झाली होती, पण जीभ निवृत्त झाली नव्हती. ती खिडकीपाशी वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसली होती. बाई कपाटातून बूट उपसत, साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सगळं सांगत होत्या. अभियंता गाढव, साहेब लबाड, खातं म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

"चूक कोणाची?" ताईने कोड्यातून डोकं वर न काढता विचारलं.

"म्हणजे? सांगतेय काय मी इतका वेळ?"

"तू सगळ्यांच्या चुका सांगितल्यास. तुझी सांगायची राहिली."

"ताई, मी तेव्हा चोवीस वर्षांची होते! सगळीकडे भिंती पडलेल्याच होत्या, तिथेही पडली असेल असं वाटलं. कोणालाही वाटलं असतं."

"चोविसाव्या वर्षीची चूक मी माफ केली. बत्तिसाव्या वर्षीचं काय?" आता ताईने पेन्सिल खाली ठेवली. "वर्गात काच फोडणारी पोरं मी खूप बघितली. फोडणाऱ्याचा मला कधी एवढा राग आला नाही. काचेपुढे दप्तर ठेवून झाकणाऱ्याचा यायचा."

बाईंनी बुटाची नाडी इतक्या जोरात ओढली की ती तुटली. तुटक्या नाडीला गाठ मारून त्या निघाल्या. जिन्यात त्यांना रडू आलं, रागाचं.

खात्याच्या जीपने कच्च्या रस्त्यापर्यंत नेलं. पुढे तासाभराची चढण होती. वाटेत बाई मनातल्या मनात त्या जागा भरणाऱ्या मिस्त्रीला झापत होत्या. बिनमातीच्या भिंती रचणारा तो पंचक्रोशीतला शेवटचा कारागीर, असं सगळे म्हणत. दगडावर दगड नुसता बसवायचा, चुना नाही, सिमेंट नाही, आणि भिंत शंभर वर्षं हलत नाही. बापाकडून आलेली विद्या. असल्या माणसाला दिसू नये? अभियंत्याचं सोडा, तो कागदाचा किडा. पण याचे तर हात दगडात मुरलेले!

दुपारी अडीचला त्या कोंडवाड्यात शिरल्या आणि जागीच थबकल्या. फोटोत कमीच दिसलं होतं. गोलाची भिंत चहूकडे एकसारखी छातीभर झाली होती. जुन्या करड्या दगडांमध्ये सहा ठिकाणी नवे, उजळ दगड. बाहेरचे खड्डेही पाहुणे पडतील म्हणून मुरूम टाकून सपाट केलेले. फक्त सातवी जागा अजून अर्धी होती. तिथे नवे दोन थर चढले होते. पलीकडचा खड्डा अजून उघडा होता आणि त्याच्या काठावर मुरमाच्या गोण्या येऊन पडल्या होत्या.

मिस्त्री दोरी ताणून तिसऱ्या थराचा दगड बसवत होता. साठीचा, बुटका, हाताला फावड्यासारखे पंजे. त्याच्याबरोबरचे तीन गडी फटींत बसवायला दगडाच्या चिपा फोडत होते.

"मिस्त्री! हात काढा त्या दगडावरून!"

त्याने हात काढला. घाईने नाही, दगड नीट टेकवून मग काढला.

"तुम्हाला डोळे आहेत की गारगोट्या?" बाई धापा टाकत म्हणाल्या. "चाळीस वर्षं भिंती रचताय ना? पडलेली भिंत आणि ठेंगणी भिंत यातला फरक कळत नाही तुम्हाला?"

"कळतो की."

"काय कळतो?"

"पडलेल्या भिंतीचे दगड तिच्या पायाशी पडतात, बाई. कुठे जाणार दुसरीकडे? इथे पायाशी एक दगड नव्हता. आतही नव्हता, बाहेरही नव्हता." मिस्त्रीने टोपी काढून कपाळ पुसलं. "आणि वरचा थर बघितला. मोठे, सपाट, एकसारखे दगड. भिंत पडते तेव्हा वरचा थर दात पडल्यासारखा दिसतो. हा तर कोणीतरी नीट बंद केलेला. पहिल्याच दिवशी मी अभियंतासाहेबांना म्हटलं, ही पडलेली नाही, हिला असंच ठेवलंय. ते म्हणाले, बाईंची सही आहे नकाशावर, तू काय बाईंपेक्षा शहाणा?"

"मग मला विचारायचं होतंत! एक फोन करायला काय हात झडले होते?"

आता मिस्त्रीचा चेहरा बदलला. गडी चिपा फोडायचे थांबले.

"केला होता," तो म्हणाला. "दोन जागा भरून झाल्या, मला राहवेना, तेव्हा इथल्या खडकावर चढून केला. सकाळी अकराला. तुम्ही म्हणालात, मिस्त्री, मी कार्यक्रमात आहे, नकाशात आहे तसं करा, स्वतःचं डोकं चालवू नका. माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. फोन ठेवलात."

बाईंना आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी, एका सभागृहात, त्यांचं स्वतःचंच व्याख्यान सुरू व्हायचं होतं. मागे पडद्यावर चौकटीतला तोच नकाशा झळकत होता. फोन आला, त्या वैतागून बोलल्या आणि विसरून गेल्या. त्यांना वाटलं होतं, नकाशा म्हणजे अर्थातच नवा.

"मला वाटलं तुमच्याकडे पुरवणी असेल," त्या म्हणाल्या.

"कसली पुरवणी?"

सकाळपासून त्या ज्याला त्याला शिव्या देत फिरत होत्या, आणि फिरून फिरून भोपळे चौकात तसा तो राग आता घरी आला होता. तो कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. फक्त आता टाकायला दुसरी जागा उरली नव्हती.

"नकाशाची प्रत द्या," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने पिशवीतून घडी घालून घालून झिजलेला कागद काढला. बाईंनी तो जुन्या भिंतीवर पसरला आणि पेन काढलं. पहिल्या तुटक रेषेवर फुली मारली. मग दुसरीवर, मग सातही रेषांवर. कोपऱ्यात 'पडलेला भाग' होतं, त्याच्याखाली त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं : 'हे चूक आहे. भिंत इथे पडलेली नव्हती. हे मला चार वर्षांपासून माहीत होतं. काम थांबवावं.' तारीख घातली, सही केली. मग मिस्त्रीला म्हणाल्या, "मोठ्याने वाचा. गड्यांना ऐकू जाऊ दे."

मिस्त्रीने एकेक शब्द सावकाश वाचला. 'चार वर्षांपासून' पाशी तो अडखळला, त्याने एकदा बाईंकडे बघितलं, आणि पुढे वाचलं.

त्या कागदाचा फोटो काढून, पलीकडच्या खडकावर चढून बाईंनी तो साहेबांना पाठवला, वरच्या ऑफिसला पाठवला. मिनिटभरात साहेबांचा फोन आला.

"बाई, हे काय केलंत? परवा पाहुणे येतायत!"

"येऊ द्या. मी इथेच असेन. सहा ठिकाणी आम्ही काय वाटोळं केलं ते मी स्वतः दाखवीन त्यांना."

"आम्ही म्हणजे कोण?"

"बरोबर आहे. मी. आणि साहेब, ती खालची चौकट उतरवून ठेवा. नाहीतर मी येऊन फोडीन." या वेळी फोन त्यांनीच ठेवला.

खाली येईपर्यंत मिस्त्रीने सातव्या जागेवरचे दोन नवे थर काढायला घेतले होते. एकेक दगड उचलून तो बाजूला लावत होता, आणि खालून तो जुना सपाट थर मोकळा होत होता. शेवटचा दगड निघाला तेव्हा भिंत पुन्हा गुडघ्याइतकी झाली. बाईंनी टेप लावून मोजलं, चार वर्षांपूर्वीच्या मापाशी ताडून पाहिलं. बरोबर होतं.

"आता बाकीच्या सहा," त्या म्हणाल्या. "त्याही उतरवू. परवापर्यंत होतील?"

मिस्त्रीने भरलेल्या जागांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, "कुठवर उतरवायच्या?"

"कुठवर म्हणजे? जुना थर लागेपर्यंत."

"लागणार नाही. वर पाच-सहा थर चढवायचे तर नुसते ठेवून चालत नाहीत, घसरतात. जुने वरचे दोन थर काढूनच जोड घेतला मी. ते सपाट दगड फोडून चिपा केल्या. सातवीला आज संध्याकाळचीच मुदत होती, म्हणून ती तशीच वर रचायला घेतली." त्याने बाईंच्या हातातल्या नकाशाकडे बोट दाखवलं. "तुमच्याकडे मापं असतील ना? सांगा, तेवढी ठेवतो."

बाईंकडे मापं नव्हती. नव्या नकाशात फक्त सातव्या जागेचं होतं, कारण खड्डा एकच साफ केला होता. आणि जुन्या नकाशाच्या वेळी सहाही जागांपाशी त्या टेप घेऊन उभ्या होत्या, लांबी घेतली होती, जाडी घेतली होती, उंची घेतली नव्हती. पडलेल्या भागाची उंची कोणी घेत नाही, तसा नियमच आहे. आयुष्यभर दिसेल ते मोजणाऱ्या बाईंनी, जे मोजायला हवं होतं तेवढंच सोडलं होतं.

त्या खड्ड्याच्या काठावर मुरमाच्या गोणीवर बसल्या. मुठीने गोणीवर एक गुद्दा मारला, मग दुसरा. गडी दुसरीकडे बघायला लागले. मिस्त्री समोर उभा होता. तो समजूत घालायला पुढे आला नाही, आणि ते बरं झालं, नाहीतर त्याच्यावरही त्या खेकसल्या असत्या.

मग बाईंनी वही उघडली. "मिस्त्री, तुम्ही त्या थरांवर हात ठेवलाय," त्या म्हणाल्या. "किती उंच होते, आठवतं?"

त्याने जरा विचार केला. मग पहिल्या जागेपाशी गेला, सरळ उभा राहिला आणि तळहात मांडीला लावला, गुडघ्याच्या चार बोटं वर. "पहिली इथवर. उकिडवं बसून काम केलं होतं." बाई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि जमिनीपासून त्याच्या हातापर्यंत टेप धरला. आकडा लिहिला. पुढे कंसात लिहिलं, 'मिस्त्रींच्या आठवणीवरून'. दुसऱ्या जागेपाशी तो हात बरोबर गुडघ्यावर आला. बाईंनी तेही लिहिलं.

तिसऱ्या जागेपाशी तो उभा राहिला आणि हात कुठेच ठेवेना.

"आठवा ना," बाई खालून म्हणाल्या.

"नाही आठवत."

"दुसरीपेक्षा जास्त होती की कमी?"

"बाई, चौथी, पाचवी, सहावी सांगतो. ही नाही सांगता येणार." मिस्त्रीने नजर चुकवली नाही. "फोन झाला त्याच दिवशी ही भरली. डोकं चालवू नका म्हणालात ना? दिवसभर त्याच रागात दगड रचत होतो. भिंतीकडे बघितलंच नाही मी."

बाईंनी वहीत तीन हा क्रमांक घातला आणि त्याच्यापुढे मापाच्या जागी तो जे बोलला ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.